मोटार सुटली

"जोर नका लावू जी, मागच्या बारी हात फुटला होता," सुमित्राबाई नवऱ्याला म्हणाली.

मनिरामने तिकडे लक्ष दिलं नाही. अंगणातल्या जुन्या मोटारीच्या चाकाचा नट गंजून बोल्टशी एकजीव झाला होता. आठ दिवस त्याने त्यावर रॉकेल सोडलं होतं. आता चुलीतले निखारे छपरावरच्या कवेलूच्या तुकड्यावर आणून नट तापवला, हातोड्याने चारी बाजूंनी हलकेच ठोकला आणि पाना लावून आधी थोडा आवळला.

"सोडाचा आहे ना? मंग आवळून काऊन राहिले?"

"आंधी गंज तुटाले पाह्यजे. मंग सुटते."

नट कर्रकन फिरला.

मनिराम वीस वर्षं कामठ्याच्या केशोराव मालगुजारांचा ड्रायव्हर होता. एक्कावन्न साली मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, गेली आणि मालकांनी नोकर कमी केले. मोटार त्याआधीच दोन पावसाळे गोठ्यामागे सडत पडली होती. निरोपाच्या दिवशी केशोराव चारचौघांदेखत म्हणाले, "मनिराम, ही मोटार ने. तुझं बक्षीस." दोन बैलजोड्या लावून त्याने ती कुडव्याला आपल्या अंगणात ओढत आणली. तेव्हापासून तो राइस मिलमध्ये पोती उचलायचा आणि सुटीचा दिवस मोटारीला द्यायचा. गोंदियाच्या स्टेशनवर ती भाड्याने लावून सवारी न्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

सगळ्यांत हट्टी निघालं इंजिन. पिस्टन जाम होते. प्लगच्या भोकांतून तेल ओतायचं, वाट पाहायची, इंजिन फिरवायचं हँडल हलतंय का बघायचं, पुन्हा तेल ओतायचं. येणारेजाणारे हसायचे. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी हँडल बोटभर हललं. मनिराम तिथेच मातीत बसला.

"सुटली वो!" तो ओरडला. सुमित्राबाई पिठाच्या हातांनी धावत आली.

चैत्रात मोटार धूर ओकत सुरू झाली. बायकोला शेजारी बसवून तो स्टेशनपर्यंत जाऊन आला. तिने पदर दातांत धरला होता आणि ती सारखी हसत होती.

पाचव्या दिवशी मालगुजारांचा मुलगा ईश्वरदास दारात उभा राहिला.

"वा मनिराम, गाडी तर बढिया केलीस. चल, आता घरी ने."

"कोनाच्या घरी, भैयाजी?"

"आमच्या. कागद बाबूजींच्या नावावर आहेत. तुझ्याकडे फक्त ठेवायला दिली होती."

"बक्षीस देल्ली होती जी. सडून राहिली होती, तवा काऊन नाई आले?"

"बाबूजींनाच विचार मग."

मनिरामला तेच हवं होतं. मालक खोटं बोलणार नाहीत, याची त्याला खात्री होती. ईश्वरदासला मागे बसवून त्याने स्वतःच मोटार कामठ्याला नेली.

केशोराव ओसरीवर आरामखुर्चीत होते. मनिराम पाया पडला आणि त्याने विचारलं. मालकांनी आधी मोटारीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"आता काही आठवत नाही रे, मनिराम," असं म्हणून त्यांनी मान वळवली.

"नाराज नको होऊ," ईश्वरदास म्हणाला. "ड्रायव्हर तर लागेलच. तूच राहा."

"या मोटारीवर नाई जी."

मनिरामने मोटार सुरू करायचं हँडल ओसरीच्या कडेला ठेवलं आणि तो पायी निघाला.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. झालं ते ऐकून सुमित्राबाई पेटली.

"देऊन आले? हातोडा घालाचा होता तिच्यावर! आपल्याले नाई, तं कोनालेच नाई!"

"निंगताना धोंडा उचलला होता," मनिराम म्हणाला. "हात नाई उठला. एकेक नट म्या सोडवला होता तिचा."

आत जाऊन तिने पाट मांडला, दाराशी, अंगणाकडे तोंड करून, तो रोज मोटारीकडे बघत बसायचा तसा. मनिराम पाय धुऊन आला, पाट उचलून फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला. सुमित्राबाईने भात वाढला.