मोडक्या अरबीतला निरोप

"परत घेऊ. आणि या वेळी जरा मोडकं बोला," दिग्दर्शिका हिबा म्हणाली. "ड्रायव्हर आहात तुम्ही, वकील नाही."

नंदकुमारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी कुवेतच्या रिग्गई भागातल्या एका कंपनीत हिशेब तपासणारा हा नाशिकचा माणूस कित्येक वर्षं रमजानच्या महिन्यात टीव्हीवर लागणाऱ्या मालिकांत कामं करत आला होता. ड्रायव्हर, स्वयंपाकी, माळी, फिरून ड्रायव्हर. गाडीचं दार उघडायचं, मान डोलवायची, चालू पडायचं. चेहरा अख्ख्या कुवेतला ठाऊक, नाव एकालाही नाही. यंदा कुठे त्याच्या वाट्याला चांगलं लांबलचक भाषण आलं होतं. म्हातारा ड्रायव्हर कायमचा गावी निघालाय, लहानपणापासून ज्याला शाळेत सोडलं त्या मालकाच्या मुलाचा निरोप घेतोय. महिनाभर घरात येरझारा घालत त्याने ते शुद्ध अरबीत घोटलं होतं.

"इतकी वर्षं इथे राहिलेला माणूस नीट बोलणार नाही का, मॅडम?"

"लोकांना हसू यायला हवं. तुमचं आधीचं शुद्ध बोललेलंही ठेवलंय ना, एडिटिंगला बघू."

तो मोडकं बोलला. अख्खं युनिट खो खो हसलं.

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, सुमेधाने, हौसेने मराठी मंडळातली चार घरं जेवायला बोलावली. नंदकुमार टीव्हीसमोर जीव मुठीत धरून बसला. प्रसंग आला. मेलं मोडकंच ठेवलं होतं, तेही अर्धं कापून, मागे विनोदी संगीत लावून.

घरात टाळ्यांचा कडकडाट झाला. अरबी येत होती कुणाला?

"काका, काय फाडफाड बोललात हो," शेजारचा अनुप म्हणाला. "आता मराठीत सांगा की."

नंदकुमारने टीव्हीचा आवाज बंद केला.

"बाळा, पहिल्या दिवशी शाळेच्या दारात तू माझा शर्ट सोडत नव्हतास. माझा मुलगा तिकडे कुणाचा शर्ट धरून रडला, मला माहीत नाही. त्याच्या वाटची माया मी तुला दिली. आता घरी जाऊन त्याला काय देऊ, तेवढं सांग."



"पण टीव्हीवर तर दोनच वाक्यं होती," अनुप म्हणाला.

"अरबीत थोडक्यात होतं ते."

सुमेधा त्याच्याकडे बघत राहिली. अरबीचं तिला अक्षर कळत नव्हतं, पण महिनाभर घरात घुमलेलं बोलणं टीव्हीवर ऐकू आलं ते नव्हे, एवढं तिला कळलं होतं.

"वाढ ना," तो खाली बघत म्हणाला. "आमटी निवतेय."