शेवटचा फर्मा

मधमाश्या पाळण्यावरचं ते जाडजूड पुस्तक शाळेला कुणीतरी दान दिलं होतं. असलं दान म्हणजे घरातली अडगळ परस्पर वाटेला लावणं, असं ग्रंथपालबाईंचं स्पष्ट मत. रद्दीत टाकता टाकता त्यांचा हात पुठ्ठ्यावरून फिरला आणि त्या थबकल्या. कोपऱ्यांना हिरवं कापड, शिवणीला दुहेरी टाका. वडिलांची बांधणी त्यांनी डोळे मिटूनही ओळखली असती.

पानं उलटताना राणीमाशीचं प्रकरण संपलं आणि समोर एकदम इन्स्पेक्टर उभा. "खुनी याच खोलीत आहे," म्हणत होता. चाळीस वर्षं जीव टांगणीला लावणारा तो शेवटचा फर्मा हाच!

त्यांचे वडील, आबा, बाइंडर. घरात विकत घेतलेलं पुस्तक औषधालाही नव्हतं, पण वाचायची चंगळ होती. गिऱ्हाइकाचं पुस्तक उसवलं की सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे व्हायचे, आणि आबा ते पुन्हा शिवेपर्यंत पोरांचं राज्य. एक फर्मा आधी दादा वाचणार, मग धाकटी. काय सुखाचे दिवस होते ते! त्या रहस्यकथेचा शेवटचा फर्मा मात्र दोघांच्या हाती पडण्याआधीच गायब झाला. आबांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी दादाने कबुली दिली, थप्पड खाल्ली. तेव्हापासून बहीण त्याला ऐकवत आली होती, "तुझ्यामुळे खुनी मोकाट सुटला."

पुढची ओळ वाचायला डोळे नुसते धावत होते. पण एकटीने वाचण्यात काय मजा? अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पुस्तक छातीशी धरून, पन्नाशी उलटलेल्या बाई भर रस्त्यातून अक्षरशः पळत सुटल्या.

दादा आपल्या दुकानात डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता.

"दादा, सापडला शेवटचा फर्मा. आबांनीच शिवून टाकलाय, मधमाश्यांच्या पुस्तकात."

दादाने टाके निरखले आणि तो पोट धरून हसायला लागला. "म्हणजे आबांनी स्वतःच घोळ घातला, आणि थप्पड मला."

तीही हसली. मग एकदम थांबली. "पण फर्मा तू हरवलाच नव्हतास, तर कबूल का केलंस?"

"आबा ओरडत होते, तू कोपऱ्यात थरथरत होतीस. मला वाटलं, तुझ्याच हातून हरवला."

"माझ्या? आणि इतकी वर्षं मी तुलाच बोलत होते, तरी गप्प बसलास?"

"म्हटलं, सांगेल कधीतरी आपणहून," दादा म्हणाला. "घाई कुठे होती."

बाईंनी घाईघाईने पान उघडलं, पण अक्षरंच दिसेनात. दादाने हळूच पुस्तक काढून घेतलं, चष्मा चढवला आणि इन्स्पेक्टरचा जाडा आवाज काढून वाचायला सुरुवात केली.