लाखेचा सांधा

मुखरूच्या हातातला पाना निसटला आणि जीपच्या इंजिनावरची काळ्या प्लॅस्टिकची टोपी फुटून तिचे तीन तुकडे झाले. याच टोपीतून वायरींवाटे प्लगांना ठिणगी पोचते. ती नाही तर जीप म्हणजे नुसतं लोखंड. नवी टोपी नागपूरहून यायला आठ दिवस. आणि मुखरूची बायको रंभा पहाटेपासून अडलेली. मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या, असं सांगून सुईण मोकळी झाली होती. दवाखाना सव्वीस मैलांवर.

"बंडी जोत," त्याची आई भागीरथा म्हणाली.

"बंडीत तिचे हाल होतीन, माय. पोचता पोचता रात होईन. जीपनं दोन घंटे."

आलापल्लीच्या जंगलात ठेकेदाराची जीप हाकणारा हा एकटा पठ्ठ्या. त्याला बैलांची चाल कशी परवडणार! घरातल्या विळ्याची मूठ लाखेनं बसवलेली, कुऱ्हाडीचा दांडाही लाखेनंच. त्यानं चुलीच्या विस्तवावर लाख पातळ केली, तुकड्यांच्या कडांना लावली, दाबून धरली, वर पाणी शिंपडलं. सांधा टणक झाला. जीप सुरू झाली तेव्हा स्वारी हसली, अगदी मोठ्यानं हसली. विस्तवानं पातळ होणारी लाख तापल्या इंजिनावर काय करील, हे चुलीपुढं बसूनही त्याला सुचलं नाही. मला त्याचा राग येतो, आणि त्याहून जास्त कीव येते.

मे महिना होता. रंभाला मागच्या बाकावर निजवून, मायला सोबत घेऊन तो निघाला. सातव्या मैलावर इंजिन फटफटून बंद पडलं. बॉनेट उघडलं तर लाख ओघळलेली, तुकडा निसटलेला. त्यानं पालापाचोळा पेटवून तीच लाख पुन्हा लावली, वाऱ्यावर थंड केली. पुढं चार मैल. मग दोन. मग अर्धाच.

"किती राह्यलं?" रंभानं विचारलं.

"आलंच आता."

अजून साडेबारा मैल होते. जवळच्या टोल्यावर, चार घरांच्या वस्तीवर, तो धावत गेला; माणसं तेंदूपत्त्याला गेलेली, बैल रानात चरायला सोडलेले. तसाच धापा टाकत परत आला. सागांना पानं नव्हती, त्यामुळं सावलीही नव्हती. भागीरथा सुनेवर पदर धरून उभी होती. रंभा आधी ओरडत होती, नंतर नुसती कण्हत होती. टोपी पाचव्यांदा चिकटवून, जागेवर बसवून तो इंजिन थंड होण्याची वाट बघत बसला, आणि कण्हणं थांबल्याचं त्याला उशिरा कळलं.

भागीरथानं सुनेचे डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं मुखरू उठला आणि काही न सुचून त्यानं किल्ली फिरवली. इंजिन निवलं होतं. जीप एका दमात सुरू झाली, कुठं अडखळली नाही.

"आता काऊन चालते रे हे?" आईनं विचारलं.

मुखरूनं स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं. इंजिन चालूच होतं.