सहा नंबरवरचा आरडाओरडा

मित्रांनो, मी वायफायची एक जुनी पेटी आहे. जुनी आहे, मोडकी नाही, हे आधीच सांगून ठेवते. चपलांच्या कपाटावर बसून सहा वर्षं मी या घराला जगाशी बोलतं ठेवलं. माझा हिरवा दिवा लागला की सगळ्यांचे चेहरे खुलत.

मग गेल्या आठवड्यात भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची नवी पेटी आली. तिला शिव्या घालत मी ओरडत राहिले, तरी माझीच अक्कल निघायला लागली.

सूनबाईंची शुक्रवारी दुपारी मुलाखत होती, पाच वर्षांनी पहिली. गुरुवारी बहिणीला व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तर तिच्या पडद्यावर सूनबाई आ वासून थिजल्या.

"उद्या असं झालं तर म्हणतील, बाई जांभया देतेय!" त्या रडकुंडीला आल्या.

"शेजारचे चोरतात आपलं नेट," सासू म्हणाली. "आणि ही म्हातारी द्या भंगारात."

म्हातारी! मी आणखी जोरात ओरडायला लागले.

संध्याकाळी नेटवाला आला. त्याने मोबाईलवर बघितलं आणि हसला. "चोरी कसली, मावशी? तुमची पेटी सहा नंबरच्या चॅनेलवर, शेजारचीही सहावरच. दोन बायका एकाच वेळी बोलल्या तर कुणाचं कळेल?"

"आमच्याकडे रोजच बोलतात," सासू म्हणाली.

"मी आत्ता तिकडूनच आलो. तिथल्या आजारी आजोबांचे डॉक्टर आठवडाभर व्हिडिओ कॉलवर विचारतायत, कुठे दुखतं? आजोबा सांगतात, डॉक्टरांना अर्धंच पोचतं."

मी हादरले. ज्या पेटीला मी आठवडाभर शिव्या घातल्या, तिच्या तोंडावर हात मीच ठेवला होता! एका आजारी माणसाचं दुखणं माझ्या आवाजाखाली दबलं होतं. मला साधा संशयसुद्धा आला नव्हता.

"एक, सहा, अकरा. एवढेच एकमेकांच्या पायात येत नाहीत," असं म्हणत त्याने मला एक नंबरवर बसवलं आणि पलीकडे जाऊन शेजारच्या पेटीला अकरावर.

शुक्रवारी तीन वाजता मुलाखतीत सूनबाईंना विचारलं, "पाच वर्षं काय करत होता?" त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न तुटता. तेवढ्यात भिंतीपलीकडून आजोबांची आरोळी आली, "डावा गुडघा! डावा, डॉक्टर, डावा!"

मित्रांनो, आपलं कुणी ऐकत नाही असं वाटलं, तर आवाज चढवण्याआधी आपण कुणाच्या बोलण्यावर बसलोय ते बघा. आणि माझ्यासारखीला भंगारात देण्याआधी तिचा नंबर विचारा.

डॉक्टरांचं उत्तर मला भिंतीतूनही स्पष्ट ऐकू आलं आणि ते मलाच लागलं. ते म्हणाले, "ऐकू येतंय हो. ओरडू नका."