मागच्या कार्बोरेटरची शीळ

हे गेल्यापासून गाडी उभ्या उभ्या बंद पडायची. चालताना ठीक, पण अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की दोन-चार आचके द्यायची आणि गप्प. मुलगा वैतागला होता. "आई, आज शेवटचं बघतो. नाही जमलं तर उद्या भंगारवाला येतोय."

मेकॅनिक सकाळपासून दोन्ही कार्बोरेटरांत डोकं घालून बसला होता. जेट फुंकून साफ केले, फ्लोटची सुई बदलली, दोन्हींच्या तोंडाशी मीटर लावून हवा सारखी केली. तरी आचके तेच.

"म्हातारी भारी हट्टी आहे," तो म्हणाला आणि मला बघून जीभ चावली. "गाडीला म्हणतोय, आजी."

"कळलं. ती रबरी नळी दे इकडे."

यांचे कान कारखान्यात गेले होते. म्हणून गाडी ट्यून करताना नळी माझ्या कानात आणि स्क्रू यांच्या हातात, असा आमचा संसार. मेकॅनिकने गाडी सुरू करून रेस धरून ठेवली आणि मी नळीचं दुसरं टोक पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं. नुसती हवेची सूं. मागच्याशीही तीच. मग टोक खाली सरकवलं, जिथे तो इंजिनाला बसतो तिथे, आणि गारच पडले.

बारीक शीळ. ओढून, थांबून, पुन्हा ओढून. शेवटच्या आजारपणात यांचा श्वास अस्साच चालायचा. मी डोळे मिटले. डाव्या खांद्याशी कोणीतरी वाकून उभं होतं. मेकॅनिक तर पलीकडच्या बाजूला होता.

"काय आजी, लागलं का काही हाती?"

नाही म्हटलं असतं तर उद्या गाडी गेली असती. हो म्हटलं तर ही शीळ जाणार.

"मागचा बुडाशी हवा ओढतोय," मी म्हणाले.

त्याने कार्बोरेटर उतरवला. खालचं पॅकिंग पुठ्ठ्यातून कापलेलं, कडा वेड्यावाकड्या. "ही कुणाची कलाकुसर?"

"यांची. हात थरथरायचे तेव्हाची. दुकानापर्यंत जाववत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगतील तर हे कसले."

त्याने ते काढून बाजूला ठेवलं. नवं पॅकिंग घातलं, बोल्ट आवळले. गाडी सुरू झाली आणि एका लयीत चालत राहिली. मुलगा बाहेर येऊन बराच वेळ ऐकत उभा राहिला. "राहू दे मग," म्हणाला.

मी नळी पुन्हा तिथेच लावली. काही नव्हतं.

"झालं ना बरोबर?" मेकॅनिकने विचारलं.

"झालं," मी म्हणाले, आणि मुलाने इंजिन बंद करेपर्यंत तशीच वाकून उभी राहिले.