बाबांना दाखवलेलं शहर

भिंग लावून घड्याळांच्या पोटात डोकावण्यात घड्याळजींचं आयुष्य गेलं आणि म्हातारपणी दोन्ही डोळे गेले. तरी एक हट्ट सुटला नव्हता. उत्तरेकडचं ते तळ्याकाठचं शहर एकदा बघायचं. ‘बघायचं’ हाच शब्द ते वापरत, आणि सून स्वयंपाकघरात जाऊन हसून घेई.

शेवटी मुलाने ऐन हिवाळ्यात बेत आखला. तेव्हा तिकडे चिटपाखरू फिरकत नाही, त्यामुळे हॉटेलं निम्म्या भाड्यात मिळतात.

पहिल्याच सकाळी तिघं तळ्यावर गेली. तळं साफसफाईसाठी उपसलेलं. नुसता चिखल आणि काठावर पालथ्या घातलेल्या होड्या. रोपवेच्या तिकीटखिडकीला कुलूप.

“भरलंय का रे?” घड्याळजींनी विचारलं.

“काठोकाठ,” मुलगा म्हणाला. एवढ्या लांब आणून म्हाताऱ्याचा विरस कशाला, इतकंच तेव्हा त्याच्या मनात होतं.

“मग पाण्याचा आवाज कसा नाही?”

“वरून गोठलंय, बाबा,” सून चटकन म्हणाली. “आरसाच जणू. अख्खा डोंगर दिसतोय त्यात.”

घड्याळजी चिखलाकडे तोंड करून कितीतरी वेळ उभे राहिले. “वा,” ते हळूच म्हणाले. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी तोंडावर हात दाबले. एकत्र असं हसून त्यांना वर्षं लोटली होती.

दुसऱ्या दिवशी बोचरं वारं सुटलं. “बाहेर कशाला कुडकुडायचं?” सून म्हणाली. “इथेच दाखवू की सगळं.”

हॉटेलच्या मागच्या बाजूला सामान चढवायची जुनी लिफ्ट होती. खडखडाट करत, हिसके देत चालणारी. मुलाने बाबांना आत उभं केलं. “हा रोपवे. दांडी घट्ट धरा.” चार वेळा वर, चार वेळा खाली. घड्याळजींचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

“कुठवर आलो?”

“ढगांत, बाबा.”

तिथून त्यांना तळघरातल्या धुण्याच्या खोलीत नेलं. मशिनांतून वाफ उसळत होती. “हे गरम पाण्याचे झरे,” सून म्हणाली. कपडे धुणाऱ्या बाईने हातातली चादर खाली ठेवली. “काय चाललंय हे?”

“कोण बोललं?” घड्याळजींनी विचारलं.

“झऱ्याची राखणदार,” मुलगा म्हणाला. सुनेने त्या बाईला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं.

मुलाने वडिलांचा हात धरून मशिनच्या नळीतून पडणाऱ्या पाण्याखाली नेला.

“साबणासारखा वास येतो रे.”

“औषधी पाणी आहे ते.”

“डोळ्यांना लावलं तर चालेल?”

मुलगा बायकोकडे बघून म्हणाला, “लावा ना. लोक त्याचसाठी येतात.”

घड्याळजींनी ओंजळ भरून डोळ्यांना लावली. संध्याकाळपर्यंत डोळे लालबुंद. “झोंबतंय म्हणजे गुण येणार,” असं ते जेवताना दोनदा म्हणाले.

घरी परतल्यावर पहिल्या रविवारी ते दाढीला गेले. सलूनवाला त्यांचा जुना दोस्त. दोघांची दुकानं चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून होती. घड्याळजींनी तळं, ढग, झरे, सगळं रंगवून सांगितलं. बाकावरची गिऱ्हाइकं ऐकत होती.

“अरे, माझी लेक तिथेच दिली आहे,” सलूनवाला म्हणाला. “थंडीत त्या तळ्यात थेंब नसतो. रोपवे बंद असतो. आणि झरे कुठले आलेत तिथे? तुला पोराने उल्लू बनवलं.”

बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

“माझा मुलगा खोटारडा?”

“मी खरं ते सांगितलं.”

“तुझं पोर तुला दारात उभं करत नाही, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या!” घड्याळजी ओरडले. सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. घड्याळजी अर्ध्या गालावर फेस घेऊन, काठी आपटत घरी आले.

“पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही,” त्यांनी मुलाला सांगितलं. “तुला खोटारडा म्हणाला तो. चारचौघांत!”

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती नखं बघत होती.

“जळतो तो, बाबा,” मुलगा म्हणाला. “बरं केलंत.”

दोन-तीन दिवसांनी सलूनवाला स्वतः आला. मुलाने दार अर्धवटच उघडलं.

“बोलताना माझा तोल गेला,” सलूनवाला खालच्या आवाजात म्हणाला. “त्याची माफी मागतो आणि जातो.”

“झोपलेत ते. आणि तुमचं नावही काढायचं नाही म्हणालेत.” त्याने दार लावून घेतलं.

“कोण होतं रे?” घड्याळजींनी आतून विचारलं.

“कोणी नाही. पत्ता चुकला होता.”

घड्याळजी जरा वेळ दाराकडे कान देऊन बसले. “मला वाटलं, तो असेल.”

“तो कशाला येतोय?” मुलगा म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.