डुकराच्या कानावरचा काप

आमच्या जिल्ह्याच्या इतिहास मंडळात अकरा सभासद. मासिक बैठकीला सहा येतात, त्यांतले दोघे नुसते ॲपल पाय खायला. मी चिटणीस, म्हणजे ॲपल पायही खातो आणि लिहूनही ठेवतो.

नऊ वर्षं आमच्या कामकाजात एकच विषय होता. जिल्ह्याची पहिली कचेरी नदी ओलांडायच्या उतारापाशी एलिफलेट टॅकेटच्या लाकडी घरात भरायची, तिथे राज्याने पाटी लावावी. ही मागणी लोरीन टॅकेट यांची. एलिफलेट त्यांचा खापरपणजोबा. राज्याचं उत्तर दरवर्षी तेच: त्या काळचा लेखी पुरावा पाठवा. आणि पुरावा नव्हता. १८४७ साली कचेरी गावात आली, त्या हलवाहलवीत जुनं दफ्तर जळालं, असं सगळे सांगत. सगळ्यात जास्त गावातली क्राउस मंडळी सांगत. टॅकेट मंडळी वेगळं सांगत, पण त्यांच्याकडे कागद नव्हता.

लोरीनबाई एकोणऐंशीच्या. डॉक्टरांनी त्यांना पुढच्या उन्हाळ्याचे बेत करू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी बेत एकच ठेवला, पाटीचा.

मार्चच्या बैठकीला डेल्बर्ट क्राउस आला. त्याचं पशुखाद्याचं दुकान आहे. काखेत पिठाच्या पिशवीत गुंडाळलेली वही.

"बाई, आई गेल्यावर तिची पेटी उघडली. गोधड्यांच्या खाली हे होतं."

बाई, कारण तिसरीत लोरीनबाईंनी त्याला शिकवलं होतं.

"जळालेलं दफ्तर बरं दिसतंय," लोरीनबाई म्हणाल्या.

"पहिलं पान वाचा ना."

डेल्बर्टच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, त्याने ते आधीच दोनदा तरी वाचलं असावं. कचेरी एलिफलेट टॅकेटच्या घरी भरली, असं स्वच्छ लिहिलेलं. खाली पहिला खटला. त्या काळी डुकरं रानात मोकळी हिंडत, म्हणून कोणाच्या डुकराच्या कानाला ओळखीसाठी कसा काप, हे कचेरीत नोंदवलेलं असे. एलिफलेटने योहान क्राउसच्या तीन डुकरांच्या कानांवर स्वतःचा काप दिला होता. दंड झाला. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बाकावर बसून.

"घरमालक आणि आरोपी एकच," डेल्बर्ट म्हणाला. "जागेचं भाडं वाचलं असेल."

सगळ्यांचं ॲपल पाय खाणं थांबलं.

मी हळूच म्हटलं, "पुराव्याला पान पाठवू. पाटीवरचा मजकूर आपणच लिहायचा आहे. त्यात डुकरं यायलाच हवीत असं नाही."

"गाळा की," डेल्बर्ट म्हणाला. "दुकानात रोज चाळीस गिऱ्हाइकं येतात. मी तोंडी सांगेन."

लोरीनबाईंनी वही मिटली. "मजकूर मी लिहीन. तू टाइप कर," हे मला. "आणि तो बाहेर फोडू नकोस."

ऑक्टोबरात पाटी आली. लोरीनबाई तोवर होत्या, काठी घेऊन. रस्त्याकडेला दीडशे माणसं, पाटीवर कोणाची तरी पलंगावरची चादर. चादर काढली आणि बाईंनी स्वतः वाचायला सुरुवात केली. उतार, घर, साल, एलिफलेट. मग डुकरं, तिन्ही, दंडासकट. आवाज वर्गातला, एकही शब्द गिळला नाही. लोक मोकळेपणी हसले. डेल्बर्ट सगळ्यात मोठ्याने.

शेवटची ओळ उरली होती. बाई थांबल्या.

"डेल्बर्ट, ये पुढे. ही तू वाच."

तो आला. खिशातून चष्मा काढला आणि ओळ मनातल्या मनात वाचली.

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

त्याने वाचलं: "१८४७ साली, रविवारी लोक प्रार्थनेला गेले असताना, कचेरीचे दफ्तर गाडीत घालून गावात नेण्यात आले. क्राउस कुटुंबाने ते या वर्षी परत केले."

"ठीक," बाई म्हणाल्या. "बस जागेवर."